वळायची जागा

तळवड्यात देहू-आळंदी रस्त्यालगतची शेतं गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली आणि पिकांच्या जागी पत्र्याचे शेड उभे राहिले. रस्त्याला तोंड असलेला शेड आबांचा. तिथं दुचाकीचे लेगगार्ड आणि कॅरियर बनत. मागचा शेड एका तरुण पोराचा, पावडर कोटिंगचा. त्याला स्वतःची वाट नव्हती. त्याचा टेम्पो आबांच्या भिंतीलगतच्या बोळातून ये-जा करायचा. लिहून-बिहून काही नव्हतं. आबांची मर्जी, एवढाच आधार.

एके दिवशी टेम्पो घासून आबांचा पावसाच्या पाण्याचा पाइप फुटला. शब्दानं शब्द वाढला. संध्याकाळी बोळाच्या तोंडाला साखळी आणि साखळीला कुलूप. मग कामगार रंगवलेला माल खांद्यावर घेऊन साखळी ओलांडू लागले. एकावर एक आपटून कोटिंगचे टवके उडत, गिऱ्हाईक माल परत पाठवी, आणि पोरगा तो खरवडून पुन्हा भट्टीत लावी.

याच सुमारास, २०१५च्या सप्टेंबरअखेरीस, आबांना रक्सौलहून ड्रायव्हरचा फोन आला. नेपाळातल्या वीरगंजच्या व्यापाऱ्याकडे निघालेला ट्रक सीमेवर अडकला होता. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली होती. तराईतल्या मधेशी लोकांना ती मंजूर नव्हती, आणि आंदोलक सीमेवरच्या पुलावर येऊन बसले होते. भारतानं नाकाबंदी केली, असं नेपाळचं म्हणणं. आम्ही काही अडवलेलं नाही, असं भारताचं. पलीकडे गॅस आणि पेट्रोलची बोंब, अलीकडे ट्रकांची रांग.

"भांडण त्यांचं, आणि माल माझा अडकला!" आबा कडाडले. "वाटेत बसायचा यांना काय अधिकार?"

चहा प्यायला आलेले निवृत्त तलाठी तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बोळाकडे मान वळवली.

आबांना समजायचं ते समजलं. उठून त्यांनी कुलूप काढलं आणि मागे हाक दिली, "ने रे तुझा टेम्पो. कधीही ने."

पोरगा आला, पण हसला नाही. "आबा, साखळी आज काढलीत, उद्या परत लावाल. लिहून द्या."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

"तो बरोबर बोलतोय," तात्या म्हणाले. "नेपाळला समुद्र नाही. कोलकात्याच्या बंदरात उतरलेला माल आपल्या मुलखातून जाणार. १९८९च्या मार्चमध्ये दोन्ही देशांमधले व्यापार आणि पारगमनाचे करार संपले, तेव्हा आपण सीमेवरचे दोन सोडून बाकीचे रस्ते बंद केले. पुढं १९९१ साली पारगमनाचा वेगळा करार झाला. समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा १९८२चा. त्याचं १२५वं कलम सांगतं, किनारा नसलेल्या देशाला समुद्रापर्यंत जायचा हक्क आहे, पण वाटेच्या अटी शेजाऱ्याशी बसून ठरवायच्या."

"मग करार आहे की!" आबांनी बरोबर पकडलं. "तरी माझी गाडी अडकलीच ना?"

तात्या क्षणभर गप्प झाले. "अडकली खरी. नुसता कागद रागापुढं टिकत नाही. वाट बंद केल्यावर बंद करणाऱ्याचंही काही अडलं पाहिजे."

"आमचं काय अडणार? आम्ही रस्त्यावर आहोत."

"तळवड्याला तरी समुद्र कुठंय, आबा? इथला माल तळेगावावरून, दहा गावांच्या शिवारांतून न्हावाशेवाला जातो. पुढचा म्हणवणाराही कुणाच्या तरी मागंच असतो."

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "आबा, तुमची मोठी गाडी रोज रिव्हर्स घेत रस्त्यावर काढता. दोन माणसं लाल फडकं घेऊन ट्रॅफिक अडवतात. माझ्या मागं मोकळी जागा आहे. गाडी बोळातून आत आणा, तिथं वळवा आणि तोंड करून बाहेर काढा."

चहाच्याच टेबलावर स्टँपपेपर लिहिला गेला. बोळ बारा फूट मोकळा राहील. काँक्रीटचा खर्च निम्मा-निम्मा. मोडेल तो भरेल. आबांची गाडी पोराच्या जागेत वळेल. आणि शेवटचं कलम तात्यांनी स्वतः घातलं: भांडण कशावरूनही होवो, वाट आणि वळायची जागा चालू राहील; तंटा तात्यांपुढं.

सीमेवरची कोंडी फेब्रुवारी २०१६मध्ये सुटली. आबांचा माल पोहोचला, पैसे उशिरा आले.

पुढच्या दिवाळीत कोटिंगच्या बिलावरून दोघांची पुन्हा जुंपली. आबा साखळी घेऊन तणतणत बोळात गेले. पाहतात तो त्यांचीच गाडी मागच्या जागेत अर्धी वळलेली, भरलेली, त्याच बोळातून बाहेर पडायच्या बेतात. आबांनी साखळी गुंडाळली आणि तात्यांना फोन लावला. दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. टेम्पो आणि ट्रक मात्र एक दिवसही थांबले नाहीत.

जगात समुद्रकिनारा नसलेले बत्तीस विकसनशील देश आहेत. शेजाऱ्यांशी त्यांचं सदैव पटेल, असं कुणी धरून चालू नये. नेपाळसाठी वाट देणाऱ्या कोलकात्याच्या बंदरालाही त्या मालाचं भाडं मिळतं, रेल्वेलाही मिळतं. वाट टिकते ती अशा हिशेबावर.

तात्पर्य: मर्जीनं मिळालेली वाट मर्जी फिरली की जाते. जी अडवली तर अडवणाराही अडतो, तीच वाट भांडणातही चालू राहते.