कुंडीतले झाड आणि आपली माया

घरातला मनीप्लांट मलूल झाला की आपण आधी पाणी घालतो. तहानला असेल बिचारा! पुष्कळदा असते उलटेच. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा जाते, मुळे गुदमरून कुजतात आणि कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही. झाड पाण्यात उभे राहून सुकते.

मग ते पाणी आपण कुणासाठी घालतो? झाडासाठी, की आपल्याच जिवाची तगमग थांबावी म्हणून? रुसलेल्या मुलाला आपण उठताबसता उपदेश पाजतो, तेव्हाही हाच प्रश्न उरतो.

लूककृत शुभवर्तमानातल्या (१३:६-९) अंजिराला तीन वर्षे फळ नव्हते. धनी तोडायला निघाला, तेव्हा माळ्याने एक वर्ष मागून घेतले : सभोवती खणतो, खत घालतो. तो मुळाशी गेला. (कुंडीतल्या आजारी झाडाला मात्र लगेच खत नको, मुळे भाजतात.) आणि तरीही फळ आले नाही तर तोडा, हेही त्यानेच म्हटले. त्याची माया आंधळी नव्हती.

आपल्या कुंडीत आधी बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली, तर तांब्या खाली ठेवावा.