फोन कोण लावणार?

सोबतचं पोरगं हाका मारून उठत नाही. घशातून घरघर येतेय, ओठ निळसर पडलेत. १०८ ला फोन लावायला अर्धा मिनिटही लागत नाही. तरी तास-दोन तास सहज जातात. तोंडावर पाणी मारलं जातं, ताक आणलं जातं, कुणीतरी म्हणतं, "झोपू दे, सकाळपर्यंत उतरंल." फोन हातात असतो. पण लावला की नाव सांगावं लागेल, मागे पोलीस येतील, आणि घरी कळेल.

अमेरिकेत २०२१ ते २०२३ या काळात दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसनं मेली, त्यातली बहुतेक फेंटानिलसारख्या औषधांमुळे. मार्च २०२३ मध्ये तिथं नॅलोक्झोनच्या नाकात मारायच्या स्प्रेला चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी मिळाली. थांबत चाललेला श्वास तो परत आणू शकतो. रील्समध्ये तुम्ही पाहिलाही असेल. पण आपल्याकडे फेंटानिल अजून मुख्यतः ऑपरेशन थिएटरमध्येच असतं. संभाजीनगरच्या बातम्यांत असतात 'बटन' गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध, मालेगावच्या बातम्यांत 'कुत्ता गोळी'. त्यातल्या अल्प्राझोलम, नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्झोन चालतच नाही. त्यावर दारू प्यायली की श्वास मंदावत जातो. म्हणजे तिकडून घेण्यासारखी गोष्ट स्प्रे नाही. तिकडच्या बहुतेक राज्यांनी आणखी एक केलंय: ओव्हरडोस झालेल्यासाठी मदत मागणाऱ्यावर, जवळ थोडा माल सापडला म्हणून, सहसा खटला भरायचा नाही.

हे आमच्या हिंगोलीत पारावर सांगून बघा. कुणीतरी काका म्हणतील, "मग पोरं मोकाटच सुटतील की." हा आक्षेप मूर्खपणाचा नाही. धाकावर बऱ्याच गोष्टी चालतात. पण गोळी गिळताना कुणाला कलम आठवतं? भीती येते ती नंतर, मित्र उठेना झाल्यावर. ती नशा थांबवत नाही, फोन थांबवते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. घेतलंच. पण हेल्मेट न घालता औंढ्याच्या रस्त्यावर पडलेल्याला टाके घालताना आपण हे विचारत नाही. आयुष्यभर गुटखा खाल्लेल्याच्या ऑपरेशनसाठी तर अख्खी भावकी पैसे गोळा करते. चूक तीच असते, फरक लाजेचा असतो. आमच्या कामात प्रॉडक्शन बंद पडलं की आधी सिस्टीम उभी करतात, कुणाच्या कोडमुळे पडलं ते मग बघतात. आधीच दोषी शोधायला लागलात, तर ज्याला बिघाड माहीत असतो तोच गप्प बसतो.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. १९८० च्या दशकात 'गर्द' पुण्या-मुंबईत शिरली. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला, त्यात नुसतं सेवनही गुन्हा ठरलं. पुढच्याच वर्षी डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं. तिथं तोच माणूस पेशंट होता. पुढे कायद्यातही ६४-अ कलम आलं: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर सेवनाच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. पण ही सूट त्याला. त्याला रात्री उचलून आणणाऱ्या मित्राला नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मात्र २०१९ पासून मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्यावर नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

खरी अडचण आता येते. तो मित्र नुसता सोबत नव्हता, गोळी त्यानंच दिली होती. समजा सेनगावजवळच्या एखाद्या शेतात हे घडलंय. डॉक्टरांना हवं असतं: काय घेतलं, किती, कधी, वर दारू होती का. हे एकट्या त्यालाच माहीत असतं. खिशात रिकामी स्ट्रिप असते. पोलिसांसाठी तो पुरावा, डॉक्टरांसाठी निम्मं निदान. घाबरलेलं पोरगं ती सर्वात आधी फेकतं. (फेकू नका. आणि बेशुद्ध माणसाला ताक-पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, श्वासावर लक्ष ठेवा, तो थांबलाच तर १०८ वरचा माणूस सांगेल तसं करा.)

माझं मत असं, की त्या रात्री त्यानं सांगितलेलं त्याच्याविरुद्ध वापरू नये. माल कुठून आला, याचा तपास दुसऱ्या मार्गानं करा. यात कधीतरी खरोखरचा विकणाराही मित्र म्हणून निसटेल, हे मला दिसतंय. वाचलेल्या पोराच्या आईला हा सौदा परवडेल. पुढच्या महिन्यात तोच माणूस ज्याला गोळी विकेल, त्या पोराच्या आईला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.