सामायिक कोठाराची वाट

ज्या वस्तूवर दहा जणांचा सारखाच हक्क आहे, ती एके दिवशीं हातीं येईनाशी झाली, तर त्या दहांपैकीं प्रत्येकाचें तिच्याविषयीं कर्तव्य काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु हल्लीं तो कचेऱ्याकचेऱ्यांतून एका नव्या वेषांत उभा राहूं लागला आहे, आणि त्याचें उत्तर यंत्र दुरुस्त करणाऱ्या मनुष्यावर सोंपवून आपण मोकळे होतों. तें उत्तर आपलें आपण शोधावें, असें आम्हांस वाटतें.

गोंदिया शहरांतील एखाद्या राइस मिलची कचेरी डोळ्यांपुढें आणा. धानाच्या खरेदीचा हिशेब पूर्वीं एका चोपडींत असे व ती चोपडी दिवाणजींच्या मांडीशीं असे. आतां तो एका यंत्राच्या पोटांत असतो आणि निरनिराळ्या मेजांवरील संगणक त्या यंत्राशीं जोडलेले असतात. त्यास सर्व्हर म्हणतात. आम्ही सोयीसाठीं कोठार म्हणूं. दिवाळीनंतरच्या हंगामांत, दारांत धानाच्या गाड्या उभ्या असतांना, एका मेजावर अक्षरें उमटतात कीं कोठार सांपडत नाहीं. लागलीच कारकून ओरडतो, "सगळा हिशेब गेला!"

वास्तविक हिशेब जागच्या जागीं असतो. वस्तु नसणें, वस्तूपर्यंत वाट नसणें, आणि वाट असून आंत जाण्याचा अधिकार नसणें, ह्या तीन गोष्टी तार्किकाच्या दृष्टीनें अगदीं भिन्न. पण अडलेल्या मनुष्यास तिन्ही एकच भासतात. ह्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास मात्र हा भेद शिकवावा लागत नाहीं. कोहळी लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं बांधिलेल्या तलावांवर येथील धान पिकत आलें आहे. टोंकाच्या बांधींत पाणी आलें नाहीं, म्हणून तलाव आटला अशी बोंब शेतकरी मारीत नाहीं. तो आधीं शेजारच्या बांधींत डोकावतो. तेथें पाणी असेल तर अडचण आपल्याच बांधावर आहे. नसेल तर पाटाच्या कडेनें वर वर चालत जातो, मोरी उघडी आहे कीं नाहीं, आज पाळी कोणाची, हें पाहतो.

संगणकाच्या कोठाराचा शोध ह्याच रीतीनें घ्यावा लागतो. पहिला प्रश्न शेजाऱ्यास: तुमच्याकडे उघडतें काय? उघडत असल्यास कोठारास दोष देण्याचें कारण उरलें नाहीं. मग तार नीट बसली आहे काय, तें पाहावें. अंकांतील पत्ता घातला असतां कोठार सांपडतें, पण नांवानें सांपडत नाहीं, असें झालें तर नांवावरून पत्ता सांगणारी व्यवस्था बिघडली आहे. पत्ता ठीक असून दार बंद असेल, तर फायरवॉल नांवाचा पहारेकरी वाट अडवीत असावा. विंडोज पद्धतीच्या कोठाराचें हें दार ४४५ क्रमांकाचें असतें. पुष्कळदां परवलीचा शब्द बदललेला असतो आणि संगणक जुनाच शब्द इमानानें पुनः पुनः सांगत बसतो. शेवटीं अधिकाराचा प्रश्न: दारावर एक परवानगी, आंतील फाइलीवर दुसरी, आणि दोहोंत जी कडक तीच चालते.

हें सारें कंटाळवाणें आहे खरें; पण नीतीचा प्रश्न ह्या कंटाळ्यांतूनच उत्पन्न होतो. कंटाळलेल्या मनुष्यास दोन पळवाटा दिसतात. पहिली, सगळीं दारें सताड उघडीं टाकण्याची. संगणक व कोठार परस्परांशीं ज्या बोलीनें बोलतात, तिची एस. एम. बी. १ ही एक फार जुनी आवृत्ति आहे. विंडोजमध्यें तिच्यांत राहिलेल्या छिद्रावाटे मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाचा उपद्रव जगभर पसरला. इंग्लंडांतील इस्पितळांस रोगी परत पाठवावे लागले. त्या छिद्रावरील ठिगळ दोनच महिन्यांपूर्वीं प्रसिद्ध झालें होतें, हें विशेष! असें असतांही एखादें जुनाट यंत्र चालावें म्हणून कोणी ती बोली गुपचूप पुनः सुरू करतो, पहारेकऱ्यास रजा देतो, आणि सर्वांस सर्व परवानग्या वांटतो. त्याचें काम संध्याकाळच्या आंत होतें. धोका मात्र दहा जणांच्या नांवें लिहिला जातो, आणि त्या दहांस तो कोणी विचारलेला नसतो.

दुसरी पळवाट सभ्य दिसते, म्हणून आम्हांस ती अधिक घातक वाटते. मनुष्य म्हणतो, कोठाराची कटकटच नको. माझी प्रत मी पेनड्राइव्हवर ठेवतों. आठवड्यानंतर एकाच शेतकऱ्याच्या धानाचीं दोन वजनें निघतात आणि खरें कोणतें हें कोणासच सांगतां येत नाहीं. ह्यावर कोणी म्हणेल, गाडीवाला दारांत खोळंबला असतां तारा तपासत बसावें काय? मुळींच नाहीं. त्याचें वजन कागदावर लिहावें, सर्वांस सांगून लिहावें, आणि वाट मोकळी होतांच कोठारांत चढवावें. राखीव प्रतीचीही गोष्ट निराळी. ती सर्वांच्या माहितीनें काढलेली असते व तिच्यांत कोणी खाडाखोड करीत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो मुकाट्यानें वेगळें होण्यावर.

पूर्वींच्या भंडारा जिल्ह्यानें, ज्यांतून १ मे १९९९ रोजीं गोंदिया निराळा झाला, हा प्रकार पाण्याच्या बाबतींत पाहिला आहे. इ. स. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली ह्याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. परंतु तलावांतील गाळ काढावा कोणी, पाट साफ ठेवावा कोणी, हें पुढें संदिग्ध झालें, आणि कित्येक तलाव गाळानें भरत गेले. ज्यांना ऐपत होती त्यांनीं आपापल्या विहिरी खोदिल्या. त्यांस दोष कसा द्यावा? पीक तर वांचलेंच पाहिजे. पण विहीरवाल्याचें पाऊल पुनः पाटाकडे वळत नाहीं, आणि पाटावर अवलंबून राहतो तो ज्यास विहीर परवडत नाहीं तोच. कचेरींतही कोठार उघडत नाहीं ह्याची खरी झळ अशाच कोणा नवशिक्या कारकुनास लागते.

एक प्रकार सांगावयाचा राहिला. तार शाबूत, पत्ता बरोबर, अधिकारही आहे, आणि तरी फाइलींत लिहितां येत नाहीं. अशा वेळीं पुष्कळदां कोणी सहकारी ती उघडी टाकून जेवावयास गेलेला असतो. कोठार त्याचें नांवही सांगूं शकतें. तेथें सगळें तंत्रज्ञान संपतें, आणि शेजारच्या खोलींत जाऊन त्यास हांक मारावी लागते.