उरलेल्या दिवसांवर हक्क कोणाचा?

आयुष्यभर कष्टाने कमावलेल्या पैशातून म्हातारपणी माणसाने स्वतःसाठी किती खर्च करावा? हा प्रश्न कुणी उघडपणे विचारत नाही, पण घराघरांत तो असतो. आमच्या घरात तो एके रात्री दस्तरखानावरच आला आणि उत्तर देताना आम्ही तिघे भावंडे उघडे पडलो.

कोकणातल्या आमच्या गावातले कितीतरी पुरुष एके काळी जहाजावर होते. अब्बाही 1974 मध्ये मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागले. हॅम्बर्ग, रॉटरडॅम, अँटवर्प ही नावे आम्ही भूगोलाच्या आधी त्यांच्या पत्रांतून शिकलो. पण ती शहरे त्यांनी तरी कुठे पाहिली होती? बंदराची क्रेन, गोदामे आणि जहाजाच्या पोटातली उष्णता, एवढाच त्यांचा युरोप. 2011 मध्ये ते घरी परतले. 2014 मध्ये अम्मीसह हज करून आले. कर्ज नव्हते, आमची लग्ने झाली होती. 2024 च्या जानेवारीत जेवताना ते शांतपणे म्हणाले, "मी हिला घेऊन डॅन्यूब नदीवर आठ दिवस बोटीतून फिरणार आहे. पासाउ ते बुडापेस्ट." तेव्हा ते 71 वर्षांचे होते, अम्मी 66 ची.

आम्ही तिघेही एकदम बोलू लागलो. एक म्हणाला, एवढ्या पैशात दोघांचा उमरा होईल. दुसऱ्याला गावातल्या शाळेची गळकी वर्गखोली आठवली. तिसऱ्याने तब्येतीचा विषय काढला. यावर अम्मी एवढेच म्हणाली, "पस्तीस-छत्तीस वर्षं मी एकटीनं घर सांभाळलं. तेव्हा माझ्या तब्येतीची कुणी चौकशी केली होती का रे?"

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आमच्यातले दोघे उर्दू शाळेत शिक्षक. अमलाचा दारोमदार नीयतीवर असतो, हे मुलांना रोज सांगणारे. मग आमची नीयत काय होती? खरे सांगायचे तर तो पैसा आम्ही मनातल्या मनात केव्हाच खर्चून टाकला होता. एकाने मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी, दुसऱ्याने घरावरच्या स्लॅबसाठी, तिसऱ्याने फ्लॅटच्या हप्त्यांसाठी. उमरा, शाळा, तब्येत ही सगळी त्या हिशेबावर पांघरलेली चादर होती. अब्बा उद्या खरोखरच सारी रक्कम शाळेला द्यायला निघाले असते, तर आम्ही त्यातही खोट काढली असती.

आपल्या शरीअतीत वारसांचे वाटे इतके काटेकोर ठरले आहेत की वसीयतसुद्धा एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ शकत नाही. पण हे वाटे मृत्यूनंतरचे. माणूस जिवंत आणि धडधाकट आहे तोवर त्याच्या कमाईत वारसाचा वाटा नाही. हा नियम आम्हाला पाठ होता. तो आपल्याच बापाला लागू होतो, हे मात्र सुचले नव्हते.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो खोटा नाही. शेजारच्या मुलीची फी थकलेली असताना आठ दिवसांच्या सुखावर लाखो रुपये घालवणे हा इस्राफ नाही का? आम्ही तो अब्बांना विचारला. ते म्हणाले, "जकात मी दर वर्षी काढतो. खैरात माझ्या हातानं करतो. तुम्ही तुमच्या खिशातून करा, माझ्या खिशातून सवाब कमावू नका." यातून प्रश्न पूर्ण सुटला असे आम्ही म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या सुखाला इस्राफ म्हणण्याआधी आपल्या घरातल्या लग्नांची बिले काढून पाहावीत, एवढे आम्हाला कळले.

मे महिन्यात ते दोघे गेले. नदीवरच्या या बोटी वृद्धांना सोयीच्या असतात. सामान एकदाच उघडायचे, खोली तीच, शहर मात्र रोज नवे. धक्का बहुधा शहराजवळच. खाण्यात मासे आणि भाज्या असल्याने अडचण आली नाही. अब्बांना सगळ्यात आवडले ते नदीवरचे लॉक. बोट एका हौदात शिरते, दरवाजे बंद होतात, पाणी उतरते आणि त्याबरोबर बोटही लिफ्टसारखी खाली जाते. बोट एवढी लांब असून रुंदीला साडेअकरा मीटरच का, हेही त्यांनी विचारून घेतले. राइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा मुख्य दुवा म्हणजे 1992 मध्ये पूर्ण झालेला 171 किलोमीटरचा कालवा. त्याचे लॉक बारा मीटर रुंद आहेत, म्हणून. अम्मी डेकवर बसून वाखाउच्या द्राक्षमळ्यांकडे पाहत राहायची. एकदा म्हणाली, "तुम्ही पाण्यावर असताना मला नुसतं पाणीच दिसायचं. पाण्याला काठही असतो तर!"

बुडापेस्टमध्ये दोघे गुल बाबा या दर्वेशाच्या मजारीवर फातिहा पढून आले. हा दर्वेश 1541 मध्ये तिथे वारला. नंतर ते नदीकाठी गेले. तिथे लोखंडाचे साठ जोड जोडे ठेवलेले आहेत. 1944-45 च्या हिवाळ्यात हंगेरीच्या फॅसिस्टांनी ज्यूंना काठावर उभे करून, जोडे काढायला लावून, गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत ढकलली. त्यांची ही यादगार 2005 मध्ये उभारली. त्यात एक लहान मुलाचा जोडा होता. अम्मी त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिली. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आम्ही हा प्रवास केवळ चैन समजत होतो.

एक गोष्ट अब्बांनी परत आल्यावर फार उशिरा सांगितली. बोटीवर रोज खोली आवरणारा पोरगा कित्येक महिने घरी गेला नव्हता. शेवटच्या दिवशी अब्बांनी बक्षिशीच्या पाकिटाबरोबर त्याला आपल्या बहरीन-हॅम्बर्गच्या दिवसांविषयी सांगितले. "माझ्या वेळी वर डेकवर बसणाऱ्यांपैकी कुणी खाली डोकावलं नाही," ते म्हणाले, "म्हणून मी डोकावलो."

सुख घेणे गैर की रास्त, याचे माप आम्हाला या वाक्यात सापडले. ज्याच्या कष्टावर आपले सुख उभे आहे त्याचा विसर न पडणे, हे ते माप. ते अब्बांनी पाळले. आम्ही मात्र त्यांच्या कष्टावर शिकलो, बी.एड. झालो, आणि ते जेव्हा पहिल्यांदा डेकवर बसायला निघाले, तेव्हा त्यांना हिशेब विचारला.

आता अम्मी समरकंदचे नाव घेते आहे. या वेळी आम्ही फक्त एवढेच विचारले आहे, "पासपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे?"