ही गाडी जाऊ द्या

मुंबईला जायचंय. उद्या नाही, परवा. हे वाक्य मनात सावकाश म्हणून बघा आणि पोटात काय होतं तिकडे लक्ष द्या. कर्जत, नेरळ, बदलापूरकडे राहून नोकरीभर लोकलचा पास काढलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी आवळतंच. निरोपसमारंभ होऊन वर्षं लोटली, शालीची घडी कपाटात तशीच आहे, पण अंगाला अजून सकाळची गाडी आठवते. ते आवळणं घालवायच्या मागे लागू नका. आहे तर असू द्या. तेवढ्यात आपण कर्जतहून मुंबईची एक खेप मनातल्या मनात करून येऊ.

आधी काम ठरवा. एकच. घरात बातमी फुटली की ‘जाताच आहात तर’ सुरू होतं. जाताच आहात तर क्रॉफर्ड मार्केटातून सुकामेवा आणा. जाताच आहात तर दादरला उतरून मावशींना भेटून या. यातलं कुठलंच काम मोठं नसतं, म्हणून तर नाही म्हणणं जड जातं. ‘या खेपेला नाही’ एवढं मनात म्हणून बघा. पुन्हा म्हणा, आवाज न चढवता. आज आपण काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं बघायला चाललो आहोत. १९५२ साली सुरू झालेली ही गॅलरी आजही तिकीट मागत नाही. चित्रं आवडली नाहीत तर पाच मिनिटांत बाहेर पडता येतं, आणि पैसे वसूल करायचं ओझं राहत नाही.

रविवार टाळा, मेगाब्लॉक असतो. मधला कुठलाही वार चालेल.

आता जे कोणी मोकळेपणानं बोलत नाही ते. लोकलमध्ये शौचालय नसतं. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे शंभर किलोमीटर, बसल्या जागी दोन तास. साठीनंतर कित्येकांचं मुंबईला जाणं या एकाच गोष्टीवर अडतं आणि कारण मात्र ‘गुडघे दुखतात’ असं सांगितलं जातं. ज्यांना लघवीची गोळी आहे त्यांनी तिची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावी; स्वतःच्या मनानं गोळी बुडवू नये आणि पाणी पिणंही तोडू नये. निघताना कर्जतला, उतरल्यावर टर्मिनसला, आणि परतीच्या गाडीत चढण्याआधी पुन्हा एकदा. हे तीन थांबे पक्के झाले की निम्मी मुंबई सोपी होते. यात लाजण्यासारखं काय आहे? श्वास आत घ्या, सोडा, पुढे चला.

सकाळची गर्दी ओसरू द्या. साडेनऊ-दहाच्या सुमारास स्टेशनात या. तिकीट रिटर्नच काढा, म्हणजे संध्याकाळची एक रांग आत्ताच मिटली. गाडी फलाटावर उभी असेल. कर्जतला ती इथूनच सुटते, म्हणून जागा मिळवावी लागत नाही, नुसतं जाऊन बसायचं. शक्यतो डावीकडची खिडकी धरा. नेरळपर्यंत माथेरानचा डोंगर त्या बाजूला सोबत असतो. पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर ढग बसलेले असतात आणि कड्यावरून पांढऱ्या रेघा उतरताना दिसतात. डोंगराकडे बघा, पण निसर्गाचा आनंद घ्यायलाच हवा अशी सक्ती नको. डुलकी लागली तर लागू द्या. उतरायचं शेवटच्या स्टेशनात आहे, चुकायची भीती नाही.

बदलापूर, अंबरनाथ, कल्याण. डबा भरत जाईल. डोंबिवलीला खांद्यावर कुणाची तरी सॅक टेकेल. पोटातलं ते आवळणं इथे पुन्हा डोकं वर काढतं. त्याला सांगा, आपल्याला दादरला दाराशी पोचायचं नाही, घाटकोपरला मेट्रो पकडायची नाही. आपलं बूड हलवायचं कारण तासभर तरी नाही. गर्दी तीच आहे. तिच्यातून वाट काढणं आज आपल्याकडे नाही.

टर्मिनसला सगळ्यांना उतरू द्या. मग उठा. बाहेर येऊन रस्ता ओलांडण्याआधी मागे वळून इमारतीकडे बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत १८८८ साली पुरी झाली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. दगडात मोर आहेत, पानं आहेत, भिंतीतून मान बाहेर काढलेले विचित्र प्राणी आहेत. कोरीवकामाला जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले होते. याच दारातून वर्षानुवर्षं जा-ये केलेल्या कित्येकांना तो वाघ आठवत नाही. नजर सगळी इंडिकेटरवर आणि घड्याळावर. आज मान वर करून त्याच्या मिशांपाशी थोडं थांबा.

काळा घोडा इथून दीड-एक किलोमीटर. पाय कुरकुरत असतील तर मेट्रो ३ आहे, पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. चालवत असेल तर दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून जा. जुन्या इमारतींच्या तळमजल्याला लागून ही सलग पडवीच आहे, उन्हात सावली आणि पावसात आडोसा. घड्याळाचे पट्टे, गॉगल, चार्जर, जुनी नाणी, सगळं तिथे मांडलेलं. कडेकडेनं चाला. मागून कुणी ‘अंकल, जरा साइड’ म्हटलं की बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. त्याला कुठेतरी पोचायचंय. काही वर्षांपूर्वी आपणही तसंच कुणाला तरी बाजूला सारलेलं असणार.

चित्रं बघून झाली, चहा झाला. तीन वाजायच्या आत टर्मिनसकडे वळा.

आणि आता या खेपेतली खरी जागा. फलाटावर कर्जत गाडी लागली आहे आणि भरली आहे. दारात माणसं आहेत. पाय आपोआप भरभर पडू लागतील. इथे उभे राहा. नोकरीत गाडी सुटली की लेटमार्क, आणि तीन लेटमार्क झाले की कित्येक कचेऱ्यांत रजा कापली जायची. ती भीती पायात मुरली आहे, डोक्याला तिचा पत्ताही नसतो. पाय थांबवा. गाडी सुटेल, तिच्याकडे बघत राहा. शेवटचा डबा समोरून जाईपर्यंत. आता कुणाला जाब द्यायचाय? साहेब नाही, मस्टर नाही. पेन्शनीत ग्रॅच्युइटी मिळाली, फंड मिळाला, पण खरी मिळकत ही, समोरची गाडी सोडून द्यायची मुभा. माझ्या मते ती फार थोडे लोक वापरतात. बाकावर बसा, पाणी प्या, तिसरा थांबा उरकून या. पुढच्या गाडीत खिडकी मिळेल. नाही मिळाली तर त्याच्या पुढची.

कल्याणच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबेल. पंखे गरगरत राहतील, कुणीतरी ‘झालं, आता अर्धा तास’ म्हणेल. घरी फोन करून उशीर होईल एवढं कळवा, जेवायला थांबू नका म्हणा. मग फोन खिशात ठेवताना मनगटाकडे नजर जाईलच, दर दोन मिनिटांनी. जाऊ द्या. नोकरीभराची सवय आहे, एका खेपेत सुटणार नाही.