निर्हेतुक हिंसा आणि माळढोक

शिकाऱ्याचा हात दिसतो, म्हणून त्याचा दोष ठरविणे सोपे असते. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगरच्या परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. हा आकडा वाचून संताप येतो. तो काहीसा सुखावणाराही असतो, कारण त्या अपराधात आपला वाटा नसतो.

परंतु १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाची शिकार गुन्हा ठरविली, तरी हा पक्षी ओसरतच गेला. आज त्याची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते आणि त्यांतील बहुतेक पक्षी जैसलमेरच्या परिसरात आहेत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ज्या गवताळ माळरानावर ती ते घालते, त्याला सरकारी दप्तराने ‘पडीक’ म्हटले. शब्दाचा हा अपराध साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. जे पडीक ते कोणाचेच नाही, आणि जे कोणाचेच नाही ते कोणीही नांगरावे, असा न्याय त्या एका शब्दातून निघाला. पुढे माळावर वीजवाहिन्या आल्या. देहाने जड आणि समोरचे कमी दिसणारा हा पक्षी तारांवर आदळून मरतो. येथे हिंसा आहे, हेतू नाही.

शिवाय त्या तारांतून सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाहते. तिला अनिष्ट कसे म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. हा सत् आणि असत् यांचा झगडा नव्हे. दोन इष्ट गोष्टींच्या अशा संघर्षालाच आपण शोकात्मिका म्हणतो.

मग माळढोक का राखावा? उपयुक्ततेचे उत्तर तोकडे आहे. तो नाहीसा झाला तरी आपले दिवे विझणार नाहीत. करुणेचे उत्तरही अपुरे आहे, कारण करुणा समोरच्या जखमी जिवाला ओळखते, संपत चाललेल्या जातीला नव्हे. आपल्या परंपरेतील भूतयज्ञाची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. गृहस्थाने जेवण्यापूर्वी इतर जिवांचा वाटा काढून ठेवावा, असे ती सांगते. हा वाटा म्हणजे दान नव्हे. तो आधीच त्यांचा असतो.

मात्र तो स्वतःच्या पानातून काढावयाचा असतो. १९७९मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले, तेव्हा गावे आणि शेते त्यात आली, जमिनींचे व्यवहार अडले. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली होती. दुसऱ्याच्या पानातून काढलेला घास यज्ञ ठरत नाही. वाहिनी जमिनीखालून नेण्याचा, तिला वळसा देण्याचा जादा खर्च दूर शहरात दिव्याची कळ दाबणाऱ्याने उचलला पाहिजे. आपल्या विजेच्या देयकात तेवढी भर आपण निमूटपणे सोसू काय, एवढाच प्रश्न उरतो; आणि त्याचे उत्तर न्यायालयाने नव्हे, आपण द्यावयाचे आहे.