खातरजमा : ईमानधारकाचे कर्तव्य

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमधील सहाव्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना स्पष्ट आदेश दिला आहे. एखादा दुराचारी मनुष्य बातमी घेऊन आला, तर आधी तिची खातरजमा करावी. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या जनसमूहाची हानी होईल आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल.

बंधू-भगिनींनो, आज बातमी आणणारा आपल्याला दिसत नाही. मोबाईलवर येणारा राजकीय संदेश पुष्कळदा योजनापूर्वक घडवलेला असतो. आधी विषय निवडला जातो, मग घोषवाक्य व हॅशटॅग ठरतो. तयार मजकूर आणि चित्रे व्हॉट्सॲप व टेलिग्रामच्या गटांत वाटली जातात, वेळ नेमून दिली जाते आणि त्या क्षणी असंख्य खात्यांवरून एकच मजकूर प्रसृत होतो. त्यांतील अनेक खाती बनावट असतात. पाहणाऱ्याला मात्र सारा समाजच एकमुखाने बोलत आहे असे वाटते. मजकुरात भीती आणि संताप हेतुपुरस्सर भरलेला असतो, कारण संतापलेला मनुष्य विचार करण्याआधीच तो पुढे पाठवतो. या योजनेची शेवटची पायरी म्हणजे आपले बोट.

संदेशावर मुस्लिम नाव असले म्हणजे तो विश्वसनीय ठरतो, असेही नाही. २१ मे २०१६ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्राबाहेर दोन जमाव आमनेसामने उभे ठाकले. ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पानाने इस्लामविरोधी निदर्शनांची हाक दिली होती. ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाने त्याच ठिकाणी, त्याच दिवशी इस्लामच्या समर्थनार्थ जमण्याचे आवाहन केले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे उघड झाले की, ही दोन्ही पाने रशियातील एकाच यंत्रणेकडून चालवली जात होती. हा संघर्ष घडवून आणण्यास सुमारे २०० डॉलर पुरले. धर्मप्रेमाने तेथे गेलेल्यांची भावना खरी असेल. बोलावणे मात्र खोटे होते.

मदिनेनेही हे संकट पाहिले आहे. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना हजरत आयेशा (रजि.) मागे राहिल्या, तेव्हा मुनाफिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबई याने त्यांच्यावर बालंट रचले. रचणारे मुनाफिक होते. परंतु काही प्रामाणिक मुसलमानांच्या तोंडूनही ते पसरले. प्रेषितांच्या (स.) घराने सुमारे एक महिना यातना सोसल्या. मग सूरह अन्-नूरच्या आयती अवतरल्या आणि हजरत आयेशा (रजि.) यांचे निर्दोषत्व स्वतः अल्लाहने जाहीर केले. रचणाऱ्यासाठी तेथे भयंकर शिक्षेची ताकीद आहेच. पण ऐकून पुढे सांगणाऱ्यांनाही जाब विचारला आहे. ज्या गोष्टीला ते क्षुल्लक समजत होते, ती अल्लाहजवळ फार गंभीर होती.

त्याच मदिनेत हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) आणि त्यांच्या पत्नी यांचेही घर होते. त्यांनी आपसात विचार केला : जे कृत्य आपल्या हातून घडणार नाही, ते आपल्याहून श्रेष्ठ असलेल्या आयेशांकडून कसे घडेल? ती अफवा त्यांच्या उंबरठ्याआतच थांबली. आपली घरेही अशीच असावीत.

यासाठी काही गोष्टी ध्यानी ठेवू या. संदेश कोणी पाठवला यापेक्षा तो मुळात कोठून आला, हे विचारावे. वडीलधाऱ्यांनी पाठवला असेल, तर “अब्बा, याची खात्री झाली आहे का?” असे अदबीने विचारण्यात बेअदबी नाही. सूरह अन्-निसाच्या ८३ व्या आयतीतील शिकवणीनुसार शांततेची वा भयाची बातमी पसरवण्यापूर्वी ती पारखू शकणाऱ्या जाणत्यांकडे न्यावी. आणि मजकूर आपल्या बाजूचा असला, विरोधकांना नामोहरम करणारा असला, तरीही कसोटी तीच लावावी. कारण कोणत्याही समूहाच्या वैरापायी न्याय सोडू नका, हा सूरह अल्-माइदाचा आदेश आहे. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे एवढेच मनुष्य खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

मोहीम आखणारे उद्या नवा विषय निवडतील आणि आपण पाठवलेला संदेश विसरून जातील. आपल्या कर्मपत्रात मात्र तो नोंदलेला राहील. अल्लाह आपल्या जिभेचे आणि बोटांचे असत्यापासून रक्षण करो. आमीन.